चित्राची साक्ष

संक्रांतीच्या सुटीत येडशीस गेलो होतो. २०२५ चा जानेवारी होता आणि गावात वाघाखेरीज दुसरा विषय नव्हता. आदल्या डिसेंबरात रामलिंग घाटाच्या अभयारण्यात वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यापुढून एक वाघ चालत गेला. उणेपुरे बावीस चौरस किलोमीटरांचे हे रान. त्यात वाघ असल्याचे आमच्या पिढीने कधी ऐकले नव्हते. अंगावरील पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातला ठरला. म्हणजे शेते, ओढे, सडका ओलांडीत साडेचारशे किलोमीटरांहून अधिक वाट त्याने एकट्याने तुडविली होती. अंधार पडला की लोक शेताकडे जाण्यास कचरत होते, आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाघाचे चित्र होते.

माझी नववीतील भाची मला ते चित्र दाखवीत होती. तिने शाळेच्या वहीसाठी प्राण्यांची पुष्कळ चित्रे जमविली होती. वाघापाठोपाठ दुसरे चित्र आले. तपकिरी, कोरड्या डोंगरउतारावर एक पांढराशुभ्र ससा बसला होता. आजूबाजूस बर्फाचा कणही नव्हता. काळ्या पाटीवर खडूचा ठिपका दिसावा तसा तो दुरूनही दिसत होता.

"मामा, हा असा उघड्यावर का बसलाय? त्याला लपता येत नाही का?" तिने विचारले.

मी तिला सांगितले की, त्याच्या समजुतीप्रमाणे तो लपलेलाच आहे. उत्तरेकडील थंड डोंगरांवरचे हे ससे हिवाळा आला म्हणजे रंग पालटतात. परंतु हा पालट बर्फ पाहून होत नाही, दिवस किती लहान झाला यावरून होतो. दिवस पूर्वीप्रमाणेच लहान होतो, अंगावरचे केस पूर्वीप्रमाणेच पांढरे होतात, आणि बर्फ मात्र उशिरा येतो व लवकर जातो. स्कॉटलंडातील सशांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, साठपासष्ट वर्षांपूर्वीच्या मानाने त्यांना वर्षातून सुमारे पस्तीस दिवस अधिक असे विजोड रंगात काढावे लागतात. गरुडास आणि कोल्ह्यास हे पस्तीस दिवस म्हणजे पर्वणीच.

तिने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग फोटो काढणाऱ्यानं काय केलं?"

"त्याने फोटो काढला," मी म्हणालो.

या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही, आणि हा लेख त्या असमाधानातूनच लिहीत आहे.

प्रथम त्या प्राण्यांची अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती आपल्या बालाघाटातल्या वाघाच्या अडचणीहून निराळी आहे. हिमालयात साधारणतः साडेतीन ते चार हजार मीटरांवर झाडे संपतात. त्यापुढे गवताची कुरणे, मग खडक, मग बर्फ. या पट्ट्यात राहणारे प्राणी थंडीला सोसतात असे आपण म्हणतो. वस्तुतः ते थंडीच्या आधारावर जगतात. डोंगर चढताना दर हजार मीटरांमागे हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. तेव्हा हवा एका अंशाने तापली तर पूर्वीचा गारवा मिळविण्यास प्राण्याने दीडशे मीटर वर सरकले पाहिजे. हे सोपे वाटते. परंतु डोंगर शंकूसारखा असतो. जितके वर जावे तितकी जागा थोडी. खालून झाडे वर चढू लागतात, कुरण आक्रसते, आणि अखेर शिखर येते. शिखराच्या वर काही नसते. टिपेश्वरच्या वाघास चालावयास निदान आडवी जमीन होती. तिच्यावर माणसांची वस्ती होती, धोके होते, पण वाट होती. शिखरावरच्या प्राण्यास ती नाही. दोन शिखरांमधील उष्ण दरी त्याला समुद्रासारखी आहे.

या प्राण्यांत पिका नावाचा एक मूठभर जीव आहे. सशाच्या गोत्रातला, परंतु गोल कानांचा आणि दिसण्यास उंदरासारखा. हिमालयात त्याच्या जाती आहेत आणि अमेरिकेच्या रॉकी पर्वतातही आहे. अमेरिकेतला पिका उन्हाळाभर गवत आणि रानफुले तोडून आणतो, वाळवितो आणि खडकाच्या सांदीत त्यांची गंजी लावतो. आमच्याकडील शेतकरी कडब्याची लावतो तशीच. तो हिवाळाभर निजत नाही. गंजीवर निर्वाह करतो. तोंडात फुलांचा झुबका धरून धावणाऱ्या पिकाचे छायाचित्र फार लोकप्रिय आहे आणि ते पाहून हसू न येणारा मनुष्य विरळा. परंतु या चित्रात दिसत नाही ते असे की, पंचवीस-सव्वीस अंशांची हवा, जिला आपण येडशीत सुखद म्हणू, त्याला सावलीचा आसरा न मिळाल्यास काही तासांत मारू शकते. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे हवा तापल्यामुळे तो थंडीनेही मरू शकतो. जाड बर्फ हे त्याचे पांघरूण. ते विरळ झाले की हिवाळ्याच्या रात्रीचा गारठा थेट सांदीत उतरतो. ऊब वाढल्यामुळे गारठून मरणे! नियतीच्या क्रूर विनोदाची उदाहरणे आपण नाटकांत शोधतो. ती येथे खडकाखाली आहेत.

आता चित्राकडे वळतो. एके काळी अशा प्राण्याचे चित्र मिळणे हीच वार्ता असे. जॉर्ज शाल्लर यांनी १९७० साली चित्रळच्या डोंगरांत रानातल्या हिमबिबट्याची छायाचित्रे घेतली, ती जगाने नवल म्हणून पाहिली. आज खडकांना बांधलेले कॅमेरे आपोआप चित्रे टिपतात. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या आपल्या देशव्यापी गणनेत ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज निघाला, त्यांतले ४७७ लडाखात. त्या गणनेचा मुख्य आधार ही चित्रेच होती. पूर्वीचे चित्र म्हणे, 'हा प्राणी आहे.' आताच्या चित्राने 'हा प्राणी चालला आहे' असे म्हणावे अशी आपली अपेक्षा असते. आणि येथेच घोटाळा सुरू होतो. चित्र क्षणाचे असते. ऋतुमान क्षणाचे नसते. शास्त्रज्ञ तीस वर्षांची सरासरी घेतल्याखेरीज त्याविषयी बोलत नाहीत. सेकंदाच्या शतांश भागात टिपलेल्या प्रतिमेकडून तीस वर्षांची साक्ष मागणे म्हणजे मुहूर्ताच्या साक्षीदारास साऱ्या संसाराची हकीगत विचारण्यासारखे आहे.

यातून काय निष्पन्न होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ते डोंगरातले नव्हे, ध्रुवप्रदेशातले आहे, पण बोध तोच. २०१७ साली कॅनडाच्या उत्तरेस सॉमरसेट बेटावर पॉल निकलन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांच्या तुकडीस एक अस्थिपंजर झालेले पांढरे अस्वल आढळले. त्याचे पाय ओढीत चालणे त्यांनी चित्रित केले. ते पाहून जग हळहळले. नॅशनल जिऑग्राफिकने त्याला जोडलेल्या मजकुरात ऋतुमानबदल असा दिसतो अशा अर्थाचे विधान होते. पुढे आक्षेप आले: हेच अस्वल याच कारणाने उपाशी होते कशावरून? ते म्हातारे असेल, आजारी असेल. २०१८ साली मिटरमायर यांनी स्वतः लेख लिहून कबूल केले की, त्या अस्वलाच्या अवस्थेचे नेमके कारण सांगणे त्यांना शक्य नव्हते. पुढे काय होणार आहे त्याची कल्पना त्यांना द्यावयाची होती. नियतकालिकानेही आपल्या मजकुराने मर्यादा ओलांडल्याचे मान्य केले. दरम्यान ज्यांना ऋतुमानबदल मानावयाचाच नव्हता त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

हे खोटे बोलणे झाले काय? मी वर्गात हा प्रश्न नीतिशास्त्राचा म्हणून मुलांपुढे ठेवतो, आणि मुले चटकन दोन पक्षांत विभागली जातात. माझे मन मात्र दर वेळी येडशीच्या एका दुपारी जाऊन अडते.

२०१६ चा उन्हाळा. मराठवाड्याचा दुष्काळ त्या वर्षी साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत होता. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या. (मालगाडीच्या डब्यास वाघीण हे नाव ज्याने दिले त्याला नमस्कार असो, आमच्या भागात आधी पाण्याच्या वाघिणी आल्या आणि आठ वर्षांनी वाघ आला.) त्या दिवसांत शहराकडून आलेला एक छायाचित्रकार आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेपाशी उभा होता. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. नाते काही नाही, पण सारी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्यांचा हंडा नुकताच भरला होता. छायाचित्रकाराने त्यांना बाजूस नेले, दुसरा रिकामा हंडा हाती दिला, तो आडवा करून आभाळाकडे पाहावयास सांगितले, आणि चित्र घेतले. मला संताप आला. तो निघून गेल्यावर मी मावशींना म्हणालो, "अहो, तुमचा हंडा तर भरलेला होता! तुम्ही कशाला ऐकलंत त्याचं?"

मावशी म्हणाल्या, "भरल्याला व्हता की. पर काल न् परवा रिकामाच व्हता. त्येनं कालचा फोटू आज काढला, येवढंच."

नीतिशास्त्राची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. 'कालचा फोटो आज' याहून अधिक नेमके वाक्य मला या विषयावर आढळलेले नाही. त्या छायाचित्रकाराने कालचे चित्र आज काढले. अस्वलाच्या चित्राखालील मजकुराने उद्याचे चित्र आज काढले. दोन्हींत मूळ गोष्ट खरी होती, तहान खरी होती, वितळणारे बर्फही खरे आहे. खोटी होती ती केवळ वेळ. मावशी याला क्षमा करतात. मला करवत नाही, पण माझ्या क्षमा न करण्यापेक्षा त्यांच्या क्षमेस अधिक अधिकार आहे हेही मी जाणतो. तहान त्यांची होती. त्यांनी हंडा आडवा धरण्यास संमती दिली होती. अस्वलाची, सशाची, पिकाची संमती कोणी घेतली नाही, घेता येण्याजोगी नाही. म्हणून मुक्या प्राण्याविषयी बोलताना माणसाविषयी बोलण्यापेक्षा अधिक काटेकोर असावे लागते, असे माझे मत झाले आहे. जो उलटून 'असे नव्हते' म्हणू शकत नाही, त्याच्या नावावर राईएवढीही अतिशयोक्ती खपवू नये.

मग क्षणाच्या चित्राने दीर्घ काळाची गोष्ट सांगावी कशी? आपल्याकडे याचे उत्तर फार जुने आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांनी सांगतात. एका कथेच्या चित्रांची एक पोथी असते. सांगणारा एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो आणि गात, बोलत कथा पुढे नेतो. ही कला टिकविणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एक गोष्ट गृहीत आहे: चित्र एकटे बोलत नाही. त्याच्या शेजारी सांगणारा बसलेला असतो, तो दिसतो, त्याला नाव असते, आणि एक चित्र संपले की दुसरे येते. आजच्या चित्राशेजारचा सांगणारा अदृश्य झाला आहे. चित्र हातोहात फिरते, मजकूर गळतो किंवा बदलतो, आणि उरते ते एक सुटे पान.

पूर्वी मध्यमवर्गीय घरांतल्या भिंतींवर रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती असत. त्याचे जटायुवधाचे चित्र पुष्कळांना आठवत असेल. रावणाची तलवार उगारलेली, पक्ष्याचा पंख तुटून पडलेला, आणि सीतेने तोंड झाकून घेतलेले. तेही एका क्षणाचेच चित्र, परंतु कोणासही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही, कारण आधीची आणि नंतरची कथा पाहणाऱ्याच्या मनात होती. पिकाच्या चित्राच्या मागेपुढे आपल्या मनात काही नाही. म्हणून ते एक तर गोंडस वाटते किंवा करुण, खरे वाटत नाही. मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतात ती जोडचित्रे. १९५० च्या दशकात फ्रिट्झ म्युलर आणि एर्विन श्नायडर यांनी एव्हरेस्टच्या परिसरातील हिमनद्यांची छायाचित्रे घेतली होती. सुमारे अर्ध्या शतकानंतर ॲल्टन बायर्स त्याच जागा शोधीत गेले, त्याच ठिकाणी उभे राहिले आणि तीच दृश्ये पुन्हा टिपली. इम्जाच्या खोऱ्यात पूर्वीच्या चित्रात बर्फ आणि लहान डबकी आहेत, नंतरच्यात भले मोठे सरोवर आहे. त्यांत अश्रू नाहीत, कोणी मरताना दिसत नाही. दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या जागेत पन्नास वर्षे आहेत.

इतके झाले तरी भाचीचा प्रश्न उरतोच. फोटो काढणाऱ्याने काय केले, आणि पाहणाऱ्याने काय करावे? आपल्या तत्त्वज्ञानात साक्षी या शब्दास मोठा मान आहे. सांख्यांचा पुरुष साक्षी आहे. तो पाहतो, पण ज्याला पाहतो त्याने लिप्त होत नाही. मोक्षमार्गात ही भूमिका थोर असेल. परंतु चित्रे पाहणाऱ्या आपल्यासारख्या गृहस्थांनी ती फार स्वस्तात मिळविली आहे. आपण पाहतो, 'अरेरे' म्हणतो, बोटाने चित्र सरकवितो आणि अलिप्त राहतो.

येडशीकरांपुढे साक्षीचा दुसरा आदर्श आहे. रामलिंगाच्या दरीत, ओढ्याच्या वळणावर जे देऊळ आहे तेथेच जटायू पडला अशी गावाची श्रद्धा आहे. त्याची समाधी तेथे दाखवितात. (इगतपुरीजवळच्या टाकेदचे लोक तो त्यांच्याकडे पडला म्हणतात, आणि दक्षिणेतही त्याच्या जागा आहेत. एवढा मोठा पक्षी. त्याने थोडी अधिक जमीन व्यापली तर बिघडले कोठे!) जटायू झुंजला हे सर्वांस माहीत आहे. परंतु त्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे लक्ष जात नाही. तो राम येईपर्यंत जिवंत राहिला आणि त्याने साक्ष दिली. 'सीता संकटात आहे' एवढेच त्याने सांगितले असते तर रामास त्याचा काही उपयोग नव्हता. कोणी नेले आणि कोणत्या दिशेस नेले, हे त्याने सांगितले.

आजच्या चित्रांत नेमके हेच नसते. जखम असते, करणाऱ्याचे नाव नसते. २०१६ साली आमच्या भागाची जी चित्रे देशभर गेली त्यांत भेगाळलेली जमीन होती, हंडे होते, मावशी होत्या. त्यांमुळे पाणी आले, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. परंतु त्याच दुष्काळी मुलखात पाणी पिऊन उभा असलेला ऊस कोणाच्या चित्रात नव्हता. हिरव्यागार उसाच्या फडाचे चित्र घेऊन त्याखाली 'दुष्काळ' असे लिहिण्याचे कोणास सुचले नाही. पाऊस आला, चित्रे थांबली, ऊस राहिला. सशाच्या चित्राचेही असेच आहे. त्यात ससा आहे, डोंगर आहे. कोळसा जाळणारी वीजकेंद्रे नाहीत, माझी मोटार नाही, सुटीत मुलांना बर्फ दाखवावयास ज्या विमानाने आम्ही गेलो ते विमान नाही. मी चित्राच्या बाहेर उभा राहून चित्र पाहतो, आणि मी बाहेर आहे म्हणूनच मला कळवळा येतो. मी आत असतो तर लाज वाटली असती.

यावर कोणी म्हणेल, आणि आमच्या गावात म्हणालेच, की ज्यांच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात त्यांनी स्कॉटलंडच्या सशाची काळजी का वाहावी? प्रश्न रास्त आहे. वाघाविषयीही तो निघाला. ज्याचे जनावर वाघाने मारले त्याचे चित्र कोणी मोबाइलवर फिरविले नाही. त्या वाघास बेशुद्ध करून अन्यत्र हलविण्याचे प्रयत्न पुढे पुष्कळ दिवस चालले, त्यांचीही चित्रे आली, आणि त्यांतही तो गोठा नव्हता. माझे उत्तर असे की, या शेतकऱ्याकडे काळजीची मागणी करण्यात काही अर्थ नाही. बिघडणाऱ्या पावसापुढे तो सशाच्याच पंक्तीस बसला आहे. त्याने पेरणीचा जो अंदाज बापाकडून शिकला तो आता जुळत नाही, आणि सशाने दिवसाची जी खूण आपल्या कुळाकडून घेतली तीही जुळत नाही. मागणी करावयाची ती माझ्यासारख्याकडे, ज्याच्या घरी वर्षभर नळास पाणी असते आणि जो अशा विषयांवर मासिकांत लेख लिहितो.

सुटी संपून निघण्याच्या दिवशी भाचीने वही आणली. सशाचे चित्र छापून चिकटविले होते, खाली मजकुरासाठी चार ओळी सोडल्या होत्या. काय लिहू, असे तिने विचारले. मी सांगितले की चित्र कोठले, कोणत्या महिन्यातले आणि कोणी घेतले हे आधी शोध, आणि ते सापडेपर्यंत काही लिहू नकोस. तिला हे फारसे आवडले नाही.

बसथांब्याकडे जाताना मावशी ओट्यावर ऊन खात बसलेल्या दिसल्या. बोलता बोलता मी त्यांना त्या आडव्या हंड्याच्या चित्राची आठवण दिली आणि ते पुढे कोठे छापून आले काय, कसे आले होते, असे विचारले.

"मला कुठं दावला त्यो?" मावशी म्हणाल्या, आणि माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली.